दोरी धरणारीची सुटका

“हात म्हणायचे का हे? नुसतं किसलेलं गाजर झालंय,” होडीतून उतरताना ती पुटपुटली. अगदी हळू, पण नवऱ्याला नक्की ऐकू जाईल इतकंच हळू.

हे पुटपुटणं दर रविवारचं. त्यांच्या इवल्याशा शिडाच्या होडीत दोरी धरून ठेवणारा एक चिमटा होता. दोन दातेरी जबडे. शिडाची दोरी ओढून त्यात अडकवली की घट्ट बसायची आणि माणसाचे हात मोकळे. पण जबड्यांचे दात केव्हाच झिजले होते. दोरी सुळकन निसटायची. म्हणून नवरा सुकाणूवर आणि ही दोरीवर, अशी कायमची वाटणी झाली होती.

पुढच्या रविवारी मात्र धक्क्यावर नवऱ्याने खिशातून नवाकोरा चिमटा काढला. “घे! हा बसवला की सुटलीस बघ. मी एकटा जात जाईन. तू घरी मस्त पाय पसरून बस.”

“वा,” ती म्हणाली. रविवारी घरी पाय पसरून कुणाचं तोंड बघायचं? पण इतकी वर्षं कुरकुर केल्यावर आता ‘नको’ कोणत्या तोंडाने म्हणणार?

तिची नणंद खुर्ची टाकून बाजूलाच बसली होती. “दादा, मदत लागली तर सांग. मी इथून बघतेच आहे.”

जुना चिमटा निघता निघेना. वरून बोल्ट फिरवला की खालचा नटही गरगर फिरायचा. तो धरायचा तर फळीखाली हात घालायला हवा, आणि वाट एकच: बरणीच्या तोंडाएवढं एक गोल भोक. नवऱ्याचा पंजाच अडकला.

“तुझा जाईल,” तो म्हणाला.

गेला की! पार खांद्यापर्यंत. गाल फळीला चिकटवून, आत चाचपडत पाना धरून ती बसली. स्वतःचीच जागा रिकामी करायला स्वतःच राबत होती बिचारी.

जुना निघाला, तर नव्याची भोकं जुळेनात. नवऱ्याने ड्रिल काढलं.

“अहो, हात आहे माझा आत!”

“माहितीये. म्हणून तर हळू करतोय.”

“मग अजून हळू करा!”

शेवटी नवा चिमटा बसला, पण आता हात बाहेर येईना. आत जाताना सरळ गेलेला हात सुजून भोपळा झाला होता. नवऱ्याने भांड्यांचा साबण आणून भोकात अख्खी बाटली रिकामी केली. नणंदेने खुर्ची सोडून वहिनीची कंबर धरली.

“वहिनी, अंग सैल सोडा!”

“अंग सैलच आहे हो, वन्सं. भोक घट्ट आहे!”

बाटलीचं बूच उडावं तसा आवाज झाला आणि दोघी मागच्या मागे आडव्या. नवऱ्याने आधी चिमटा नीट आहे का ते पाहिलं. मग बायकोचा हात हातात घेऊन कोपरापासून बोटांपर्यंत पाहिला, जरा जास्तच वेळ.

मग तिघं होडीत बसली. वारा छान होता. नवऱ्याने दोरी ओढली, चिमट्यात घातली आणि जादूगारासारखा हात वर केला.

दोरी सुळकन सुटली. शीड फडफडलं. विचार करायच्या आत हिच्या साबणाळलेल्या हातांनी दोरी पकडली, आणि तिचा जीव भांड्यात पडला.

नवरा ढग बघू लागला. ती पलीकडचा काठ बघू लागली.

“दादा,” नणंदेला राहवेना, “उलटा बसवलायस तो. ज्या बाजूने ताण येतो, त्याच बाजूला तोंड उघडतंय त्याचं.”

“अस्सं?” तो म्हणाला. आवाजात नवल औषधालाही नव्हतं. “हो की. राहिलंच बघायचं. पण आता काढायचा म्हणजे पुन्हा हिचा हात...”

तिने त्याच्याकडे निरखून पाहिलं. बरणीचं झाकणसुद्धा खुणेला खूण जुळवून लावणारा माणूस हा! आणि जुन्या चिमट्याची खूण तर फळीवर ढळढळीत होती.

“काढायचा नाही,” ती म्हणाली. “मला यायचं असतं. दर रविवारी.”

“मग इतकी वर्षं ती कुरकुर कसली?”

तिने दोरी मुठीला आणखी एक वेढा दिला.

“कुरकुर केली, की तुम्ही माझा हात हातात घेऊन बघता.”