मशीनमागचे सासरे

दुपारी दोनला सुनेला वॉर्डची मुख्य परिचारिका म्हणून पहिल्यांदा हजर व्हायचं होतं, आणि साडेबाराला तिचा कोरा निळा युनिफॉर्म मशीनमधून ओलागच्च बाहेर आला. धुणं झकास झालं होतं. वाळवायच्या वेळी मात्र मशीन नुसतं गरगर फिरलं. आतली हवा गारढोण!

“कंपनीचा माणूस उद्या येतो म्हणाला, बाबा.”

“उद्या येऊन काय करणार? हो बाजूला, मी बघतो.”

सासऱ्यांचा जीव खालीवर होत होता. सकाळी त्या युनिफॉर्मवर चहा सांडला होता तो त्यांनीच.

माहितीपुस्तिका उघडून त्यांनी प्लग काढला, जाळीतून मांजराच्या पिल्लाएवढा धाग्यांचा बोळा काढला आणि मशीन पुन्हा लावून पाहिलं. हवा गारच. पुढे लिहिलं होतं, मशीन फार तापलं की मागचं लाल बटण उडतं, ते दाबावं. प्लग परत काढून त्यांनी मशीन वीतभर पुढे ओढलं आणि अंग चोरून मागे शिरले. बाथरूमच्या उतारावर मशीन मागे सरकलं आणि सासरे भिंतीला चिकटले.

“बाबा, श्वास घेता येतोय ना?”

“अर्धा.”

सुनेनं ओढून पाहिलं. मशीन ढिम्म. “थांबा, खालच्या गाण्याच्या बाईंना आणते.”

“अगं, त्या सोडून कोणालाही आण!” मागच्याच आठवड्यात त्यांच्या दारात जाऊन सासरे ‘हा आरडाओरडा बंद करा’ असं सुनावून आले होते.

पण बाई आल्या, बाह्या सरसावून. “मी सूर लावला की दोघींनी मिळून ओढायचं. काका, सूर लावला तर चालेल ना?”

“लावा हो, लावा!”

तिसऱ्या सुराला मशीन हललं. सासरे सुटले आणि सुटता सुटता त्यांचं कोपर कशावर तरी आपटलं. टक्!

बघायला वेळच नव्हता. बाई युनिफॉर्म घेऊन खाली पळाल्या आणि केस वाळवायचं यंत्र, मग इस्त्री, असं करत तो कोरडा कडक करून घेऊन आल्या. सून वेळेत बाहेर पडली. सासऱ्यांनी बाईंना हात जोडले.

“बाई, तुमचे उपकार कसे फेडू? उद्यापासून पहाटे चारला गा. मी ऐकेन.”

“काका, चारला मी झोपलेली असते हो,” बाई हसत म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस आला. मशीन मस्त तापत होतं.

“मागचं बटण कोणी दाबलं?”

“माझ्या कोपरानं,” सासरे ओशाळून म्हणाले.

त्यानं मशीनमागची वीतभर फट पाहिली, मग सासऱ्यांना खालून वरपर्यंत न्याहाळलं.

“काका, पुढच्या गल्लीत एक मशीन भिंतीत घट्ट बसवलंय. दोन दिवस झाले, आमच्यातल्या कोणालाच मागे जाता येईना. जरा येता का?”

त्यानं पेटी आवरेपर्यंत सासरे चपला घालून दाराबाहेर उभे होते.