जंगलाला व्यवस्थापक मिळतो

एका जंगलात, बाळांनो, सगळी कामं वेळच्या वेळी होत असत. त्यामुळे सिंहमहाराज काळजीत पडले. शेजारच्या जंगलात म्हणे व्यवस्थापक होता, आणि इथे नुसतीच कामं होत होती!

दवंडी पिटली. पगार: महाराजांच्या ताटात उरेल ते सगळं.

कावेरी कावळी धावतच आली. तिचं एकुलतं पिल्लू, गुंड्या, दिवसभर आ वासून बसे. यंदा त्याला पुरेल एवढं रानात मिळत नव्हतं. नोकरी नाही तर गुंड्या नाही, असं झालं होतं.

"काय काय येतं?" महाराजांनी विचारलं.

"घरटं बांधते, अंडी उबवते, पिल्लाला भरवते, घारीला पिटाळते."

"सगळं स्वतःच?"

"मग काय शेजारीण येणारे?"

महाराजांनी खेदाने आयाळ हलवली. "कष्टाळू आहेस गं. पण कामाची नाहीस. पुढची!"

मंजुळा कोकिळा पुढे आली.

"घरटं बांधता येतं?"

"इश्श! नाही."

"अंडी उबवता?"

"पाय आखडतात."

"मग पिल्लं?"

"आहेत की. छान बाळसं धरलंय."

महाराज सरसावून बसले. "ते कसं काय बुवा?"

"आधी नियोजन. चांगलं घरटं हेरायचं. मग कामाची वाटणी. हे फांदीवर बसून गळा काढतात, कावळीण त्यांच्यामागे धावते. तेवढ्यात मी अंडं ठेवते. तिथलं एक खाली ढकलते, हिशेब जुळायला हवा ना! पुढचं सगळं तीच करते. मी लांबून देखरेख ठेवते."

"आणि ती कुरकुरत नाही?"

"तिला वाटतं, काम तिचंच आहे. यालाच प्रेरणा देणं म्हणतात, महाराज."

महाराज उठून उभे राहिले. "नेमणूक पक्की!"

कावेरी मागेच उभी होती.

"मंजुळाबाई, ते ढकललेलं... माझं होतं?"

"अगं, मनाला नको लावून घेऊस. मोठं काम म्हटलं की थोडं इकडचं तिकडे होतंच."

तेवढ्यात लांबून गुंड्याची हाक आली. सूर जरा गोडच होता. कावेरीने महाराजांच्या ताटातला एक लचका उचलला आणि ती तडक घरट्याकडे उडाली.

"पाहिलंत!" महाराज आनंदाने डरकाळले. "बाई रुजू झाल्या नाहीत, तोच लोक न सांगता कामाला लागले!"

तात्पर्य: बाळांनो, स्वतःचं काम स्वतः कधीही करू नये. तुम्हाला ते येतं हे एकदा कळलं, की दुसऱ्यांचंही तुम्हालाच करावं लागतं.