फाटकातून ये

मेश्रामकाकांच्या घरात शिरण्याआधी वाचन करावं लागतं. फाटकावर पिवळ्या पट्टीत काळ्या अक्षरांनी लिहिलेलं आहे, 'फाटक क्र. १', त्याखाली रंग कधी दिला ती तारीख आणि त्याखाली रंग पुन्हा कधी द्यायचा ती तारीख. मग 'पायरी क्र. १', मग 'पायरी क्र. २'. घराला पायऱ्या दोनच आहेत. पाण्याच्या टाकीला क्रमांक आहे, मीटरच्या पेटीला आहे, संडासाच्या दाराला आहे आणि आतल्या बादलीलाही आहे. आणि दाराशेजारी एक निळी पाटी: 'यह मकान संरक्षित है. कील ठोकना, पोस्टर चिपकाना और फाटक छोड़कर भीतर आना मना है.'

हा संरक्षित मकान म्हणजे दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि मागे न्हाणी. रायपुरात भनपुरीच्या अलीकडे आमची वस्ती आहे. बहुतेक जण विदर्भातून नोकरीसाठी आले आणि इथलेच झाले. घरं एकाला एक चिकटून, माझी आणि काकांची एक भिंत सामायिक. अंगणांमध्ये कमरेइतका कठडा आहे. मी नुसती टांग टाकली की पलीकडे. पण पंचवीस वर्षांत, निदान गेल्या पाच वर्षांत, मला ती टांग सुखासुखी टाकता आलेली नाही.

बायकोने कढी केली की मंगळवारी एक पातेलं काकांकडे जातं. मी पातेलं घेऊन कठड्याशी जातो. काका अंगणात खुर्चीवर बसलेले असतात.

"विजू, फाटकातून ये."

"काका, हातात गरम कढी आहे."

"मंग सांभाळून ये. पन फाटकातून ये."

एवढं बोलून ते उठतात आणि चक्क घरात निघून जातात. मी आपला घरातून बाहेर, विजेच्या खांबाला वळसा, उघड्या नालीवरची फरशी, मग फाटक क्र. १. पाहुण्याला वळसा घालायला लावायचा आणि स्वतः आत जाऊन बसायचं, याला आमच्याकडे उद्धटपणा म्हणतात. एकदोनदा ते अंगणात नसताना मी कठड्यावरून गेलो आणि सरळ आत शिरलो. तर चार दिवस अबोला.

काका वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात रंगारी होते. दुरुस्त होऊन निघालेल्या मालडब्यावर पत्र्याचा साचा धरून क्रमांक घालायचा, दुरुस्तीची तारीख घालायची आणि डबा पुन्हा कधी यायचा ती 'रिटर्न डेट' घालायची, हे काम त्यांनी सदतीस वर्षं केलं. डबे गेले, साचे घरी राहिले. आमच्या श्वेताच्या बारशाला त्यांनी पाळण्यावर क्रमांक घालायची तयारी दाखवली होती. काकूंनी हात धरला म्हणून वाचलो.

तरी तेव्हा हे सगळं आटोक्यात होतं. पाच वर्षांपूर्वी काकू गेल्या. त्याच हिवाळ्यात वस्तीतले लोक बस करून सिरपूरला जुना बौद्ध विहार पाहायला गेले आणि काकांनाही घेऊन गेले. तिथे काकांनी विटांच्या भिंती पाहिल्या, पुरातत्त्व खात्याची निळी पाटी पाहिली आणि तिथल्या माणसाला विचारलं, की एवढं पडलंझडलं आहे तर नवीन का बांधत नाही. तो म्हणाला, मूळ स्वरूप बदलायचं नसतं. बस. काका घरी आले ते हे दोन शब्द घेऊनच. तेव्हापासून ते घराची दुरुस्ती करत नाहीत, जतन करतात.

या जतनाचे नमुने सांगतो. न्हाणीच्या दाराचा रंग उडाला. काकांनी उडालेल्या रंगाची एक खपली काडेपेटीत ठेवली आणि मला स्कूटरवर बसवून अर्धं रायपूर फिरवलं. पंडरीजवळच्या एका दुकानात पोरगा म्हणाला, "अंकल, कंप्यूटर से मिला देता हूँ, सेम टू सेम." मशीन फिरलं, डबा आला, काकांनी बोट बुडवून काडेपेटीशी धरलं.

"हा नवा आहे," ते म्हणाले.

"नया ही तो होगा अंकल," तो म्हणाला.

"तेच तं म्हनून राहिलो," काका म्हणाले आणि बाहेर पडले. अकरा दिवसांनी त्यांनी तीन रंग घरीच कालवून तो जुना, मळका हिरवा तयार केला. दार आता जसं वाईट दिसत होतं तसंच दिसतं.

दुसरा नमुना फाटकाचा. फाटक असं करकरतं की आमच्या घरातला टीव्ही ऐकू येत नाही. एका रविवारी मी परोपकार म्हणून बिजागरीत तेल सोडलं. संध्याकाळी काका दारात.

"आवाज कोनं नेला?"

"तेल टाकलं काका. त्रास होत होता."

"तुले कोनं सांगतलं होतं? मूळ आवाज होता तो."

त्यांनी घासलेटने बिजागरी धुतली, आठवडाभर मिठाचं पाणी पाजलं आणि गंज आणून आवाज परत मिळवला. लोक वाद्याला एवढं जपत नाहीत. मी बायकोला म्हटलं, माणूस हातचा गेला.

पण सगळ्यात अवघड प्रकरण ओट्याचं. काका सहा फुटांना दोन बोटं कमी. काकू माझ्या खांद्याच्याही खाली. स्वयंपाकाचा ओटा जमिनीपासून सत्तावीस इंच. त्यावर काका पाच वर्षं स्वयंपाक करतात, म्हणजे कमरेत दुमडून करतात. कमरेला पट्टा आला. मी त्यांना दवाखान्यात नेलं, डॉक्टरने विचारलं, वाकून काय काम करता? काका म्हणाले, काहीच नाही. मी बाजूला बसून दात-ओठ खात होतो.

आणि नेमका तोच ओटा फुटला. ओट्याचं एक टोक आमच्या सामायिक भिंतीला टेकतं, तिथल्या नळाच्या सांध्यातून पाणी मुरायला लागलं आणि ते माझ्या बैठकीच्या भिंतीत उतरलं. सोफ्यामागे आधी नकाशा उमटला, मग फुगे आले, मग रंग पापुद्र्यांनी सोफ्यावर पडायला लागला. दोनदा रंगवलं, दोनदा पडला. त्यात श्वेताचं लग्न जमलं आणि साक्षगंध ठरलं, तेही घरीच. महिन्यावर कार्य आणि पाहुणे ज्या भिंतीला टेकून बसणार ती भिंत अशी.

मी काकांना म्हटलं, ओटा फोडावा लागेल. ते माझ्याकडे आले, भिंतीवर टिचकी मारली आणि म्हणाले, "ओल नाई हे. भिंतीले घाम येऊन राहिला. उन्हाळा आहे न."

"घाम फक्त तुमच्या ओट्याजवळच कसा येतो?"

"तिथं काम जास्त होते," काका म्हणाले.

मी वैतागून त्यांच्या मुलाला फोन लावला. प्रशांत हैदराबादला असतो. आपण मराठीत बोललो तरी तो हिंदीत उत्तर देतो. "अंकल, पूरा तुड़वा दीजिए. खड़े होकर पकाएँगे तो कमर भी बचेगी. पापा को मैं बोलता हूँ." त्याने सांगितलं. त्यानंतर काकांनी माझ्याकडून कढी घेणं बंद केलं. फाटकाला आतून कडी लागली. मीही म्हटलं, राहा तुमच्या किल्ल्यात. माझी चूक काय होती? भिंत माझी पडत होती, कंबर त्यांची मोडत होती, आणि वाईट मात्र मी.

तीन आठवडे असे गेले. मग एका सकाळी काका माझ्या दारात उभे. अर्थात फाटकातून आले होते. सरळ सोफ्यामागे गेले, भिंतीवर तळहात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. हाताला पापुद्रे चिकटले ते त्यांनी खिशात ठेवले.

"पोट्टीच्या कार्यात अशी भिंत नाई शोभत," ते म्हणाले. "फोडू. मिस्त्री बोलाव."

मिस्त्री आला. इथलाच, छत्तीसगढी बोलणारा, हाताचा चांगला. त्याने ओटा फोडला, सांधा बदलला, भिंत वाळू दिली. पाचव्या दिवशी नवा ओटा बांधायचा होता. मी मुद्दाम सुट्टी काढून तिथे उभा राहिलो, कारण काकांवर माझा भरवसा नव्हता.

आमच्याकडे ओट्याचं माप टेपने घेत नाहीत. रांधणाऱ्या माणसाला उभं करतात आणि त्याच्या कोपराच्या वीतभर खाली खूण करतात. मिस्त्रीने विटकरीचा तुकडा उचलला आणि विचारलं, "रांधथे कोन, बबा?"

"मंय रांधथंव," काका म्हणाले.

मिस्त्रीने त्यांना भिंतीशी उभं केलं, कोपर धरलं, खूण केली. सदतीस इंच. मग खिडकीकडे पाहून तो म्हणाला, "खिड़की आधा मुंदाही." ओट्यावरची अंगणाकडची खिडकी लहान आणि इतकी खाली होती की तिची वरची चौकट माझ्या हनुवटीशी यायची. ओटा दहा इंच वर आला की खालची अर्धी खिडकी विटांनी बंद होणार होती.

काका खोलीत गेले आणि एक काडेपेटी घेऊन आले. मला वाटलं पुन्हा रंगाची खपली. आत सुतळी होती, गुंडाळलेली, दोन टोकांना दोन गाठी. त्यांनी एक गाठ जमिनीला लावली, दुसरी भिंतीला.

"एवढा ठेव," ते मिस्त्रीला म्हणाले. सत्तावीस इंच.

माझा तोल सुटला. "काका, पुरे झालं आता. काकूंच्या मापाचा ओटा आता कोणासाठी? कंबर मोडून घेऊन काय जतन करून राहिले तुम्ही? मूळ स्वरूप, मूळ स्वरूप. घर आहे का काय आहे हे?"

मिस्त्री विटकर खाली ठेवून बिडी ओढायला बाहेर गेला. काका चिडतील असं मला वाटलं. ते चिडले नाहीत.

"इकडे ये," ते म्हणाले. "वाक. अजून वाक."

मी वाकलो. खिडकीतून समोर फाटक दिसलं. पूर्ण, कडीसकट. उभा असताना मला तिथे नुसती अंगणातली जमीन दिसत होती.

"पाहिलं?" काका माझ्या पाठीमागून बोलत होते. "मी सदतीस वर्सं ड्युटीवरून आलो, का चहा तयार. सायकल लावून, हातपाय धुऊन होत नाई तं कप समोर. मले वाटे, काय टाइम आहे बाईचा, घड्याळ लावून ठेवते. ती गेली, मंग मी पहिल्यांदा इथं भात मांडाले वाकलो, तवा हे फाटक दिसलं. घड्याळ नाई रे. फाटक वाजे, अन् ती इथून पाहे, अन् गॅस लावे. इतके वर्सं मी त्या फाटकातून आत आलो, अन् मले कोनी पाहून राहिलं हे मले माहीतच नोतं."

मी वाकलेलाच राहिलो. सरळ व्हायला धीर झाला नाही.

"आता मी पाहतो," काका म्हणाले. "कोनी आलं का वाजते. वाजलं का पाहतो. तू भिंतीवरून येतो लेका, मले दिसतच नाई."

मला लाज वाटली, ती साधीसुधी नव्हती. मी त्या फाटकात तेल ओतलं होतं. ते अंगणातून उठून आत जायचे त्याला मी उद्धटपणा म्हटलं होतं, आणि तेही चार घरी सांगत फिरलो होतो. मी बाहेर गेलो आणि मिस्त्रीला म्हटलं, सुतळीच्या मापाने बांध. तो "हव" म्हणाला. बहुतेक त्याने दारातून ऐकलं असावं.

साक्षगंध नीट पार पडलं. भिंत कोरडी होती. व्याही तिला टेकून बसले आणि श्वेताच्या सासूबाईंनी रंगाचं कौतुक केलं. काकांनी त्यांना शेजारच्या घरी नेऊन पायरी क्र. १ आणि २ दाखवल्या. नव्या ओट्याच्या काठावर त्यांनी साचा धरून दुरुस्तीची तारीख घातली आहे. खाली रिटर्न डेटची जागा कोरी आहे. मी विचारलं तर म्हणाले, "हा डबा कुठी जात नाई."

कमरेचा पट्टा आहेच. प्रशांत फोनवर अजून माझ्यावर रागावतो. मी त्याला म्हणतो, ये तू एकदा, आणि हो, फाटकातून ये.

परवा मंगळवार होता. पातेलं घेऊन सवयीने कठड्याशी गेलो, एक पाय वर उचलला आणि खाली ठेवला. काका खुर्चीत होते. ते उठून आत गेले. मी बाहेर पडलो, खांबाला वळसा घातला, नालीवरची फरशी ओलांडली. फाटक ढकललं. ते कानठळ्या बसतील असं करकरलं. मी तिथे थोडा वेळ उभा राहिलो, उगाच कडी पाहिली. खिडकीत पांढरं डोकं खाली आलं.

आत पोहोचलो तेव्हा कढी गार झाली होती, आणि काकांनी चहाचं आधण ठेवलं होतं.