तांबूस छटा नसलेला इसम

सन एकोणीसशे छत्तीसच्या डिसेंबरात आमच्या तहसिलीत हत्यारांची वार्षिक पडताळणी सुरू झाली, आणि रिठदकडच्या जगदेवचे केस काळे असल्याचे सरकारच्या लक्षात आले.

ही गोष्ट तोवर कुणी लपवली होती असे नाही. जगदेव भाजीपाला पिकवणारा माणूस. रानडुकरांपासून मळा राखण्यासाठी त्याला ठासणीच्या बंदुकीचा परवाना होता. अकरा वर्षे तो दर डिसेंबरात बंदूक खांद्यावर टाकून कचेरीत येई, परवान्यावर शिक्का मारून घेई आणि परत जाई. त्याच्या डोक्याला पागोटे असे, आणि पागोट्याखाली पाहावे असे कुणाला वाटले नव्हते. त्या वर्षी नवे तहसीलदार आले. त्यांनी हुकूम काढला की प्रत्येक परवानाधारकाचे वर्णन नोंदवहीतल्या रकान्यांशी समक्ष, उघड्या डोक्याने ताडून पाहावे. डोके कुणाचे उघडे असावे हे हुकुमात स्पष्ट नव्हते, म्हणून परवान्यांचे काम पाहणाऱ्या उत्तमराव कारकुनांनी आपलीही टोपी काढून टेबलावर ठेवली.

उंची पाच फूट चार इंच, बरोबर. डाव्या भुवईवर व्रण, बरोबर. केसांच्या रकान्यात दोन टिकल्या होत्या, म्हणजे वरीलप्रमाणे. उत्तमरावांनी बोट वरच्या ओळीवर नेले. ती ओळ रेल्वेच्या एका गोऱ्या इंजिनियरची होती. तिथे लिहिले होते, ‘फिके सोनेरी, तांबूस छटा नाही.’

शेवटची पुस्ती विनाकारण नव्हती. त्या काळी रेल्वेच्या कामावर एकाच आडनावाचे दोन साहेब होते. एकाचे केस वाळल्या गवतासारखे, दुसऱ्याचे तांब्याच्या घागरीसारखे. दोघांच्या बंदुकांची अदलाबदल होऊ नये म्हणून तेव्हाच्या कारकुनाने हा काटेकोरपणा केला होता, आणि त्या श्रमाने दमून पुढच्या ओळीत जगदेवच्या नावापुढे दोन टिकल्या देऊन तो चहाला गेला असावा.

चूक सर्वांना दिसत होती. ती दुरुस्त करण्याची रीतही ठरलेली होती : नोंदीत खाडाखोड करणे ती ज्याने लिहिली त्यानेच, आपल्या सहीने. तो कारकून तीन वर्षांपूर्वी वारला होता. कचेरीने त्याच्या मुलाला लिहिले. मुलाने कळवले की सही करायला माझी हरकत नाही, मात्र ती माझी असेल. जुना परवाना रद्द करून नवा काढावा, तर नवे परवाने वरून बंद होते. जगदेवने डोक्याचा गोटा करावा असेही एकाने सुचवले. त्यावर उत्तमरावांनी दाखवून दिले की मग रकान्यात ‘फिके सोनेरी’ आणि डोक्यावर काहीच नाही, ही तफावत आहे त्याहून मोठी होते.

तहसीलदार दुष्ट नव्हते. त्यांनी जगदेवला जवळ बोलावून शांतपणे समजावले की वहीत बदल करण्याला नियम आड येतो, केसांत बदल करण्याला कोणताही नियम आड येत नाही. तोवर बंदूक कचेरीत जमा राहील.

जगदेवच्या मळ्यात तेव्हा एक एकर रताळी होती. महाशिवरात्रीच्या आधी ती जवळच्या मालेगावच्या बाजारात न्यायची, हा त्या घरचा वर्षाचा मुख्य बेत. डुकरे दिवस कलला की नाल्यातून वर येत. इतकी वर्षे एक बार काढला की आठ दिवस फिरकत नसत. आता जगदेवची बायको तुळसाबाई बांधावर बसून रिकामा डबा वाजवू लागली. आठवड्याभरात डुकरांना डब्याची सवय झाली आणि चार वाफे उकरून झाले.

इथे माझा संबंध आला. मी नागपूरहून बी. एस्सी. होऊन इथल्या शाळेत विज्ञान शिकवायला लागलो त्याला दोन वर्षे झाली होती. एका सकाळी शिक्का मारलेले पत्र आले : ‘मानवी कृष्णकेश फिक्या सोनेरी वर्णास, तांबूस छटा टाळून, नेता येतात काय, याबाबत शास्त्रीय अभिप्राय उलटटपाली द्यावा.’ हे कशासाठी, असे विचारणे माझे काम होते. पण दोन वर्षांत गावाने माझ्या पदवीला एकच प्रश्न विचारला होता, तो म्हणजे ताप किती आहे. मी लिहिले, ‘येतात.’

तिसऱ्या दिवशी उत्तमराव जगदेवला घेऊन शाळेच्या प्रयोगशाळेत आले. जगदेव चाळिशीचा, दाट केसांचा, कमी बोलणारा माणूस होता. त्याने बाटल्यांकडे पाहिले आणि विचारले,

“मास्तर, लय आग होते का?”

मी म्हणालो, थोडी होईल.

“वावरात होऊन राह्यली तेच्याहून कमी असन तं करा.”

हायड्रोजन पेरॉक्साइड दवाखान्यातून मिळाले. तिथे ते कान धुवायला ठेवत. त्यात मी अमोनियाचे थेंब घातले, कापसाने एकेक बट भिजवली आणि घड्याळ लावून बसलो. काळ्या केसांत दोन रंग असतात. काळा लवकर सुटतो, त्याखालचा तांबडा चिवट असतो. हे मला ठाऊक होते. किती चिवट, हे ठाऊक नव्हते. तीन बैठका झाल्यावर जगदेवचे डोके पिकल्या संत्र्याच्या रंगाचे झाले.

तुळसाबाईने त्याला दारातच थांबवून सगळ्या बाजूंनी पाहिले.

“बरं झालं,” ती म्हणाली. “दिवस बुडाल्यावर डुकरं मोजाले कंदील लागत नाय आता.”

त्याच रंगात त्याची दुसरी पडताळणी झाली. तहसीलदारांनी डोके खिडकीपाशी नेऊन पाहिले आणि शेरा लिहिला, ‘तांबूस छटा आढळली.’ एवढ्यावर भागले असते. पण उत्तमराव कर्तव्यदक्ष. त्यांनी वही चाळून निदर्शनास आणले की हे वर्णन त्याच आडनावाच्या दुसऱ्या साहेबाशी तंतोतंत जुळते. मग जगदेवला नोटीस निघाली : आपण सदर साहेब असल्याची बतावणी करीत आहात असे का समजू नये, आणि सदर साहेबाची दुनळी बंदूक कोठे आहे, याचा आठ दिवसांत खुलासा करावा. सदर साहेब सहा वर्षांपूर्वी बंदुकीसह विलायतेला गेला होता. जगदेवने अंगठा उठवून लिहून दिले की मी तो साहेब नाही. त्यावर शेरा पडला, ‘धारक ओळख नाकारतो.’

आठ दिवसांत आणखी सात वाफे गेले.

मी अकोल्याहून जास्त तीव्र पेरॉक्साइड मागवले. आणखी दोन बैठका झाल्या. जगदेवच्या कानामागची कातडी सोलली, तेव्हा तुळसाबाईने खोबरेल पाठवले, सोबत निरोप काही नाही. केस आता हळदीसारखे पिवळे झाले होते. तांबडेपणा गेला होता, पण फिके सोनेरी म्हणायला अजून जड जात होते. उत्तमरावांना अधिकृत उपाय माहीत होता. धोतर पिवळे पडले की त्यांच्या घरी नीळ घालत. मलाही ते पटले. चिमूटभर नीळ पाण्यात कालवून मी डोक्यावर ओतली. पिवळ्यात निळे मिसळले की काय होते हे मी आठवड्यातून दोनदा सहावीच्या वर्गाला सांगत असे.

जगदेवने आरशात पाहिले.

“मास्तर, आता वावरात उभा राह्यलो तं डुकरं मलेच पाला समजून खातीन.”

उत्तमरावांनी पूर्ण नोंदवही तपासली. हिरव्या केसांचा एकही परवानाधारक नव्हता, त्यामुळे निदान या वेळी नोटीस काढता येईना. याचा त्यांना खेद झाल्यासारखा दिसला. बाजारात जगदेव पागोटे कानाखाली ओढून फिरू लागला. मळ्यात पाऊण एकर उकरून झाले होते. तुळसाबाई आता डबा वाजवत नव्हती. डुकरे जिथे असत त्याच्या पुढच्या वाफ्यात बसून ती हाती लागतील ती कच्ची रताळी खणून काढत होती.

रिठ्याने आणि लिंबाने नीळ उतरवली. मग मी कागद घेऊन, रंगांचे वर्तुळ काढून, जे पहिल्या दिवशी करायला हवे होते ते केले. केशरीला मारतो निळा. पिवळ्याला मारतो जांभळा. गावात इतका शुद्ध जांभळा रंग एकाच ठिकाणी होता : कचेरीतल्या नक्कल पेन्सिलीत, जी ओली केली की जांभळी उमटते आणि मरेपर्यंत पुसली जात नाही. मला तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा हवा होता.

उत्तमरावांनी विचार केला. सरकारी पेन्सिल खाजगी डोक्यावर वापरता येत नव्हती. तसा अर्ज तहसीलदारांकडे गेला. त्यांनी पुष्कळ अभ्यास करून मार्ग काढला : पडताळणी संपेपर्यंत सदर डोके सरकारी कामी ताब्यात घेतल्याची नोंद करावी, मग पेन्सिल सरकारी कामीच खर्ची पडेल. मंजुरीला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत डोके सरकारी असल्यामुळे जगदेवला कचेरीचे गाव सोडून जायची मनाई होती, आणि मळा त्या गावाच्या शिवेबाहेर होता.

महाशिवरात्रीला पाच दिवस असताना मी तो तुकडा घमेलेभर पाण्यात विरघळवला आणि पाणी जगदेवच्या डोक्यावरून तीनदा फिरवले. केस सुकले. पिवळा कुठे गेला कळले नाही. डोके फिक्या, थंड, वाळल्या गवताच्या रंगाचे झाले होते. खोटे कशाला सांगू, मला जगदेवची कानामागची जखम त्या क्षणी दिसली नाही. मला फक्त रंग दिसला.

तिसरी पडताळणी थाटात झाली. ताडून पाहायला मूळ साहेब नव्हता, म्हणून तहसीलदारांनी उभे राहून त्याचे वर्णन मोठ्याने वाचले आणि प्रत्येक शब्दानंतर जगदेवच्या डोक्याकडे पाहिले. ‘तांबूस छटा नाही’ हे त्यांनी दोनदा वाचले. मग शेरा लिहिला, ‘नोंद बरोबर आढळली.’ मला शिक्क्यासह आभाराचे पत्र मिळाले. उत्तमरावांनी बंदूक आणून टेबलावर ठेवली. जगदेवने हात पुढे केला.

उत्तमराव म्हणाले की एक शेवटचा रकाना राहिला आहे. हत्यार बाळगण्याचे कारण : पीकसंरक्षण. त्यांनी तलाठ्याचा कालच आलेला कागद त्याशेजारी ठेवला. रताळी, एक एकर. उभे पीक : निरंक.

“परवा संपलं,” जगदेव म्हणाला. “म्हनूनच तं बंदूक पाह्यजे.”

तहसीलदारांनी पुन्हा समजावले. जे पीक नाही त्याचे संरक्षण करता येत नाही, आणि ज्या हत्याराला कारण नाही ते कुणाच्या घरी ठेवता येत नाही. जगदेवने पीक उभे करावे आणि अर्ज द्यावा, बंदूक त्याचीच आहे.

“साहेब, बंदूक नसन तं पीक उभं राह्यतच नाय.”

तहसीलदारांनी हे लिहून घेतले आणि अर्जात हा मुद्दा जरूर घालावा असा सल्ला दिला. अट एकच : अर्जाच्या वेळी केस नोंदीप्रमाणे असावेत. बंदूक परत आत गेली.

बाहेर पायरीवर जगदेव पागोटे बांधत बसला. मी काहीतरी बोलायला हवे होते म्हणून सांगितले की मुळाशी महिन्याला अर्धा इंच काळे केस येतील, पण ते मी सांभाळीन. त्याने ऐकून घेतले. मग विचारले,

“मास्तर, तुमी एवढे शिकले. तुमच्या कागदावर हाय ते सगळं खरं हाय का?”

मी म्हणालो, हो. तो उठून मळ्याकडे चालू लागला. तिथे आता राखायचे काही नव्हते, म्हणून त्याला कुणी अडवले नाही.

माझा जन्म कार्तिकातला. आई सांगते, दारात पणत्या होत्या. शाळेत घालताना हेडमास्तरांनी वय बसावे म्हणून एक जुलै लिहिले, आणि जगदेव पायरीवरून उठून गेला त्याच दुपारी माझे सेवापुस्तक सहीला आले तेव्हा मी एक जुलैसमोर ‘बरोबर’ लिहून सही केली. दर एक जुलैला शाळेतले लोक मला पेढे देतात. मी खातो.

जगदेवचे तुम्हाला हसू आले असेल. हरकत नाही. आता पेटीतून तुमचा शाळेचा दाखला काढा, त्यावरची तारीख पाहा, आणि आई हयात असेल तर तिला विचारा. ती दुसरीच तारीख सांगेल. तुम्ही दाखला दुरुस्त करायला जाणार नाही. तुम्ही म्हणाल, आता तिचे वय झाले, तिच्या लक्षात राहत नाही.