चौथीची फळी

अभ्यासक्रम कागदावर लिहितात, असा माझा समज होता. जोगाभाऊंनी तो सागाच्या फळ्यांवर लिहिला आहे. चार इयत्ता, चार फळ्या आणि सुताराची जाड पेन्सिल. मजकूर पटेनासा झाला की ते त्यावर रंधा मारतात. नऊ वर्षांत पहिलीची फळी इतकी सुधारली आहे की वारा सुटला की तिच्यावर वीट ठेवावी लागते.

"आनखी दोनदा सुधारली, तं आरपार दिसंल," ते अभिमानानं सांगतात.

जोगिंदरसिंग, म्हणजे आमच्या वडशाचे जोगाभाऊ. लाकूड चिरणाऱ्या आरा गिरणीच्या पात्यांना धार लावतात. पगडी पंजाबातली, बोली झाडीची. बायको वारली, मुलगा गोंदियाला. गावात शीख म्हणून ते एकटेच उरलेत. गुरुद्वारा गाठायचा तर चंद्रपूर. सकाळचा पाठ एकटेच म्हणतात, साथीला गिरणीचा आरा. आणि अशा माणसाला शिखांच्या शिकवणीवर प्राथमिक शाळेचा अभ्यासक्रम करायचा होता!

"शिकणारे कुठून आणणार?" मी विचारलं.

"चप्पल ओळीत ठेवाले पगडी लागते काय, बेटा?"

माझ्याकडे ते आले शुद्ध मराठीसाठी. आमचं घर पत्रकांवर वाढलेलं. बाबा मोर्च्यांची पत्रकं लिहीत, मी त्यातल्या चुका काढत असे. 'सरकारी शाळेत धर्म नको' हे पत्रक तर मी स्वतः लिहून बसस्टँडवर वाटलं होतं. त्यामुळे पहिल्याच फळीवर 'सेवा' वाचून मी पेटले.

"हा धार्मिक शब्द आहे, भाऊ."

रंधा फिरला. तिथं आलं, 'दुसऱ्याच्या चपला ओळीत लावणे'. दुसरीतला 'किरत' मी अडवला. त्या जागी आलं, 'आपल्या हातानं काम करणे, खोटं न बोलणे'. तिसरीतला 'वंड छको' गेला, 'डबा वाटून खाणे' आला. भुसा फुंकत जोगाभाऊ म्हणाले, "पाह्य, शब्द गेला. काम तं तसंच हाय."

त्यांचं हे वाक्य मी आजवर कोणत्याच पत्रकात छापलेलं नाही.

परीक्षेवरून मात्र कडाक्याचं वाजलं. त्यांच्या अभ्यासक्रमात मार्क मुलाला नाहीत, पंगतीला. एकाचं ताट रिकामं राहिलं की सगळे नापास.

"मग पहिला नंबर कोणाचा?"

"जो वाढून राह्यला, त्याचा. पन त्याले सांगाचं नाई."

चौथीच्या फळीवर एकच ओळ होती : 'ज्याच्याशी भांडण आहे, त्याच्या बाजूला बसून जेवणे.' तिला रंधा कधी लागला नव्हता.

अखेर जवळच्या खेड्यातल्या शाळेच्या मेश्रामबाई तयार झाल्या. एक शनिवार, दप्तराविना. "जमलं तर वर्षभर चालवू. पोरं कंटाळली, तर फळ्या घेऊन जा भाऊ," त्यांनी बजावलं. जोगाभाऊ नवी पगडी बांधून, फळ्या चादरीत गुंडाळून सायकलवर घेऊन आले.

पहिले तीन वर्ग झकास झाले. चपलांची रांग हातपंपापर्यंत गेली. मग चौथीची पंगत बसली, खिचडी आली, आणि पोरं भांडणं शोधायला लागली. ज्यांचं नव्हतं, त्यांनी तातडीनं उकरून काढलं.

"बाई, यानं मया पेन चोरला!"

"मंग बस ना त्याच्याच बाजूले!"

या गलक्यात सोनल नावाच्या मुलीनं विचारलं, "आजोबा, तुमचं कोनाशी भांडन हाय?"

'खोटं न बोलणे' लिहिलेली दुसरीची फळी समोरच टेकवलेली होती. जोगाभाऊंनी खरं सांगितलं.

"मया पोराशी."

"काऊन?"

"त्यानं केस कापले."

सोनलनं पंगतीवरून नजर फिरवली. सगळ्या मुलग्यांचे केस नुकतेच बारीक कापलेले. "आमच्या वर्गातल्या पोराईनं तं साऱ्याईनंच कापले. त्याईले तं तुमी वाढून राह्यले."

मेश्रामबाई हसल्या, मीही हसले. जोगाभाऊंनी हातातला डाव पुन्हा खिचडीत घातला. मग त्यांनी पंगत वाढली, पुन्हा एकदा पहिल्यापासून, प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत.

"पुढच्या शनिवारी या," निघताना बाई म्हणाल्या. नऊ वर्षं ज्याची वाट पाहिली ते घडलं होतं. जोगाभाऊ फळ्या चादरीत गुंडाळत होते.

वाटेत ते सायकल ढकलत चालले होते. मग म्हणाले, "केस कापून आला, तवा पोरासमोरचं ताट मी उचललं होतं, बेटा. एक घास खाल्ला होता त्यानं."

"मग?"

"पानी पेला नि गेला. दहा वर्सं झाली."

केस, धर्म, माणसाचं स्वातंत्र्य, अख्खं पत्रक माझ्या जिभेवर तयार होतं. मी ते गिळलं आणि फोन काढला. "गोंदियाची गाडी बघू का?"

"पाहू नोको. सकारच्या गाडीनं गेलं तं तो दुकानात रायते. दुपारच्यानं गेलं तं पोरीले शाळेतून आनाले जाते. यंदा चौथीत गेली ती. सांजच्यानं पोचलं, तं तिघंबी जेवाले बसले रायतात."

"पण तुम्ही तर त्यांच्या घरी कधी गेला नाहीत. मग हे कसं ठाऊक?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "त्याईची खिडकी सडकेकडं हाय," ते म्हणाले.

मग फळ्यांसकट सायकल माझ्या हातात देऊन ते स्टेशनच्या रस्त्याला लागले.