काशीतात्या मत घ्यायला येतात

सभेत दिलेलं मत काशीतात्या मत मानतच नसत. "सभेत मानूस शेजाऱ्याकडं बघून हात वर करतो. खरं मत घरी असतं," म्हणायचे. म्हणून आमच्या भांडी मंडळाचे हे सेक्रेटरी प्रत्येक सभासदाच्या घरी जात. आधी ओटीवर पुरुषाचं मत, मग वळसा घालून मागीलदारी बाईचं. दोन्ही जुळेपर्यंत हलायचं नाही.

मुरबाड तालुक्यात म्हसा गावाजवळच्या आमच्या खेड्यात लग्नकार्याचे मोठे टोप, पराती, पळ्या सगळं मंडळाचं. कार्य ज्याच्या घरी, त्याच्याकडे तात्या ते गाडीत घालून पोचवत आणि परत आणून देवळाच्या खोलीत लावत. पुढे मुरबाडचा केटरर ताटांसकट जेवण आणून द्यायला लागला, तेव्हा टोप विकून प्लास्टिकच्या खुर्च्या घ्यायची टूम निघाली. ती अर्थात मीच काढली. मी मंडळाचा अध्यक्ष. कल्याणच्या ऑफिसात पाहिलेली सुधारणा गावावर लादायची मला भारी हौस.

"तात्या, घरोघर कशाला? देवळाबाहेर पेटी लावू. लोक चिठ्ठ्या टाकतील."

"लावा की. तुमी शिकलेले."

महिन्यानं भर सभेत मी ऐटीत पेटीत हात घातला. चिठ्ठी एकही नव्हती. गांधीलमाश्यांनी मात्र आत घर केलं होतं. हात सुजून भोपळा झाला. तात्यांनी डबीतला चुना वर फासला. "अध्यक्ष, मत लय झोंबलं ना?"

मग निघाले तात्या घरोघर, आणि हात गळ्यात बांधून मी त्यांच्या मागं.

ओटीवर बहुतेक जण "विका" म्हणाले. मागीलदारी सीताकाकी कडाडली, "खुर्च्या शिजवून खायच्या काय रे?" तात्यांचा चेहरा खुलला. शेजारच्या घरी मागीलदारी एक वहिनी म्हणाल्या, "घासून घासून हात गेले, विका एकदाचे." चेहरा पुन्हा पडला. पण स्वतःचं मत त्यांनी कुठंही उच्चारलं नाही.

शेवटी गाव निम्मंनिम्मं झालं. एकच घर उरलं. मी तात्यांच्याच ओटीवर जाऊन बसलो.

"तुमचं काय, तात्या?"

"मला काय इचारता? लगीन नाय, पोर नाय. ते टोप माझ्या दारात कवा उतरलेच नाय."

"मग विकायचे?"

"विका. पन त्याआधी एकदा..." त्यांची नजर आपल्या रिकाम्या अंगणावर गेली.

त्या वर्षीची सभा मी त्यांच्या अंगणात ठेवली, जेवणासकट. टोप चुलीवर चढले, पंगत बसली, खुर्च्यांचं नाव कुणी काढलं नाही. तात्या मात्र दिसेनात. शोधलं, तर पंगतीच्या टोकाला पत्रावळ मांडून गपचूप बसलेले.

"अरे उठ रे काशी! घरधनी तू ना!" सीताकाकी ओरडली.

ते गडबडून उठले. कुणीतरी भाताची परात हातात दिली. पहिलं पान माझं. तात्या वाढायला लागले ते वाढतच राहिले. भाताचा डोंगर झाला, शितं जमिनीवर सांडली.

पुरे म्हणायच्या ऐवजी मी पत्रावळ आणखी पुढं सरकवली.