खाजामियांच्या कानांसाठी पॉवर बँक सर केल्याची हकीकत

साहेबीं विचारिले की, कसबे सावद्याहून दोंडाईच्यास निकाहाकरितां जाणारे स्वारीत पॉवर बँक नामे वस्तूवरून जे रणकंदन माजले, ते खरे काय? ऐसियास सेवकाने स्वारीतल्या मंडळींस एकेकटे गाठोन पुसिले, निम्म्या थापा गाळिल्या, उरल्या त्या जपोन ठेविल्या आणि हे वर्तमान लिहिले. पदरचे मीठ असेल ते चवीपुरतेच आहे.

सावद्यास हसीबभाई म्हणोन केळीचे मातब्बर व्यापारी. घड तळहातावर तोलावा, वर एक टिचकी मारावी आणि वजन सांगावे, ते काट्याने मुकाट कबूल करावे, ऐसी त्यांची ख्याती. त्यांच्या बेगम सबीहा. बेगमांचे वालिद खाजामियां, वयाने थकलेले, कण्याने ताठ आणि कानांनी पुरते ठार. बेगमांची बहीण दोंडाईच्यास दिलेली. तिची लेक सबा, इचा निकाह दुपारचे नमाजानंतर मुक्रर जाहला आणि सबाने निरोप धाडिला की, माझे साक्षीदार नानाच, दुसरा नको. साक्षीदाराने नवरीजवळ जावे, तिचे "कबूल" स्वकर्णी ऐकावे आणि मग सही करावी, हा रिवाज. त्यावर खाजामियांनी फर्माविले की, जे कानी पडले नाही त्याखाली सही करणे नाही. ऐकू आले तर साक्ष, न आले तर दुसरा पाहावा. सातपुडा हलेल, परंतु म्हातारा हलणार नाही, हे बेगमांस ठाऊक, म्हणोन त्यांचा जीव टांगणीस लागला.

खाजामियांची ऐकण्याची यंत्रे चुन्याचे डबीएवढ्या डबीत निजवून वीज पाजावी लागत. आदल्या रात्री सावद्यात विजेने दगा दिला आणि डबी उपाशी राहिली. हसीबभाईंचे दोन मोबाइल, बेगमांचा एक, कालेजात शिकणारे चिरंजीव शेहजाद यांचा मोबाइल, टॅब आणि गळ्यांत घालावयाचा पंखा, हा सारा सरंजाम उपाशीच कूच करिता जाहला. भाड्याचे जीपगाडीत विजेचे एक भोक होते, परंतु गाडीवान झुलाल चोपडेकर याने त्यांत अगरबत्तीचे घर ठोकोन बसविले होते आणि ते आता पहारीनेच निघते.

तेव्हां मसलत होऊन ठरले की, जळगावी पॉवर बँक घ्यावी. बाजारात दुकानदाराने गादीवर तऱ्हतऱ्हेचे नग मांडिले. बेगमांनी पुसिले की, अब्बांची डबी यावर चालेल काय? हसीबभाईंनी हात वर करोन त्यांस थोपविले आणि एकेक नग तळहातावर तोलिला. मग टिचकी मारिली, मग डोळे मिटिले, आणि सर्वांत जड नग उचलोन निवाडा दिला की, माल भरलेला आहे. दुकानदाराने त्यांच्या पारखेची ऐसी तारीफ केली की बेगमांस तेथेच संशय यावयास हवा होता. तो आला, परंतु नवऱ्याची मूठ चारचौघांत उघडी करावी हे त्यांचे जिवावर आले.

धरणगाव मागे पडेतों त्या वजनदार सरदाराने प्राण सोडिला. शेहजादचा पंखा घटकाभर फिरला, आणि डबीचा दिवा लागला तैसाच विझला. झुलालाने गाडी लिंबाखाली घेतली, पेचकसाने नग फोडिला, बोटाएवढी बॅटरी बाजूस काढिली आणि उरला ऐवज हसीबभाईंचे ओंजळीत ओतिला.

"शेठ, हाई बठ्ठी वाळू शे," तो म्हणाला. "तुम्ही वजन करीसन लिन्ही ना? मंग वजन बराबर शे."

बडा घर पोकळ वासा म्हणतात. येथे वासा पोकळही नव्हता, हीच काय ती पंचाईत. हसीबभाई ओंजळ रिती न करितां तैसेच उभे राहिले. मागील आसनावर खाजामियां, कोण काय बोलते हे न समजोन, सर्वांचे तोंडाकडे आळीपाळीने पाहात होते. ते पाहोन मोहिमेची सूत्रे बेगमांनी आपले हाती घेतली आणि हुकूम सोडिला की, यापुढे कोणी काही तोलणे नाही.

अमळनेरी जीवराम नामे दुकानदाराकडे स्वारी उतरली. शेहजादने रंगीबेरंगी दिव्यांचा थोर नग धरिला, हसीबभाईंनी हात पाठीमागे बांधोन घेतले, आणि बेगमांनी डबी गादीवर ठेविली.

"भाऊ, आधी ही डबी लावा," त्या म्हणाल्या. "बाकी मोबाइल मेले तरी चालतील."

जीवरामाने थोर नग लाविला. दिवा लागला, जरासा थांबला आणि विझला. दुसरा लाविला, तोही तसाच निजला. डबीची भूक इतकी थोडकी की, पंगतीत कोणी जेवावयास बसले आहे हेच त्या बड्यांस कळेना, आणि ते आपले दुकान मिटोन घेत. बेगमांनी हे ओळखिले आणि विचारिले की, लहानाकडे बघणारा कोणी आहे काय? मग जीवरामाने फळीवरून धूळ खात पडलेला एक काळा, ठेंगणा नग काढिला आणि म्हणाला की, याची कळ दोनदा दाबिली म्हणजे बारीक वस्तूंसही वीज पोचते. बेगमांनी शब्दावर भरवसा न ठेवितां चहा मागविला आणि तो संपेतों डबीवरील नजर हलविली नाही. दिवा टिकला.

नगास दुसरे एक तोंड होते, त्यावर हसीबभाईंनी अर्ज केला की, दिल्लीवाल्यांस भाव कळविणे आहे, एक मोबाइल लावूं द्यावा. बेगमांनी अर्ज फेटाळिला. शेहजादने बेतावदेपाशी पंख्याची तार हळूच सरकविली, तो त्याचे बोटावर चापट बसली. येणेंप्रमाणे केळीचा बादशहा दोन मुके मोबाइल मांडीवर घेऊन, परक्यांची कपाशी पाहात, दोंडाईच्यास पोचला.

पोचतांच बोलावणे आले. बेगमांनी वडिलांचे कानांत यंत्रे स्वहस्ते बसविली.

"अब्बा, आवाज आ रही?"

"चिल्ला मत," खाजामियां म्हणाले.

आत जाऊन काजींनी सबास रिवाजाप्रमाणे तीनदा पुसिले आणि तिने तीनदा, ओढणीआडून, कबूल म्हटले. काजींनी कागद पुढे केला. तो खाजामियांनी मान हालविली.

"बेटी, कुछ सुनाई नहीं दिया."

दाराशी हसीबभाईंचा चेहरा उतरला. काजींनी सुस्कारा टाकिला. बेगमांनी वडिलांचे कानांकडे पाहिले तो दोन्ही यंत्रांचे हिरवे दिवे ठणठणीत जळत होते. मग दाढीकडे पाहिले, ती ओली होती. बेगमांनी काय ते ओळखिले आणि सर्वांस कळविले की, यंत्र जुने आहे, काहीएक न बोलणे. सबा, पुन्हा सांग.

सबाने ओढणी सारिली आणि आजोबांचे डोळ्यांत पाहोन म्हटले, "कबूल है, नाना." ते अंगणात पान लावीत बसलेल्यांसही ऐकू गेले. मग खाजामियांनी सही केली, सावकाश, प्रत्येक अक्षर गिरवोन.

ऐसी फत्ते जाहली. जळगावची शिकस्त अमळनेरी धुवोन निघाली, काळा ठेंगणा नग बेगमांचे खासगीत दाखल जाहला, हसीबभाई केळीखेरीज काही तोलीनासे झाले. लूट म्हणोन खाजामियांचे वाट्यास एक कबूल जास्तीचे आले, ते त्यांनी कोणास वाटून दिले नाही.